नववी खाली

आज सकाळी खिडकी उघडली तर किल्ला नव्हता. म्हणजे असणार तिथेच, एवढा मोठा डोंगर कोण उचलून नेणार. पण कोहऱ्याने तो पुसून टाकला होता आणि समोरच्या क्वार्टरच्या पाण्याच्या टाकीपलीकडे जग संपलं होतं. माझी पुण्याची वहिनी याला धुकं म्हणते. धुकं म्हटलं की डबे बांधून, गाडी करून बघायला जायची गोष्ट वाटते. आमचा ग्वाल्हेरचा कोहरा तसा नाही. तो दाराच्या फटीतून घरात शिरतो, टॉवेल वाळू देत नाही, आणि दुपार झाली तरी उठायचं नाव घेत नाही. असल्या सकाळी मी चहाचं आधण ठेवते आणि ते उकळेपर्यंत बैठकीत जाऊन डब्ब्याचं बटण दाबते. त्याचे लाल दिवे एकामागून एक लागत जातात, आणि दोन वर्षांपूर्वीची ती थंडी आठवते.

डब्बा म्हणजे ड्रम मशीन. नाव आईने ठेवलेलं. मिठाईच्या खोक्याएवढं यंत्र, वर थोडे कान पिळायचे खुंटे, आणि खालच्या कडेला ओळीने सोळा बटणं. जे बटण दाबाल तिथे ठोका पडतो, जे सोडाल तिथे पडत नाही, आणि दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून पुन्हा पहिल्यावर येतो. एवढंच त्याचं काम. वाजवणाऱ्याचे हात दुखत नाहीत, म्हणून खरे तबलजी त्याला नाक मुरडतात.

मी कॉलेजात असल्यापासून इलेक्ट्रॉनिक संगीत करते. हे नातेवाइकांना सांगितलं की ते विचारतात, "म्हणजे लग्नात लावतात ते डीजे?" आता काय सांगायचं. मी नाही म्हणते, बसून ऐकायचं असतं, शांत असतं, आणि ते "अच्छा अच्छा" म्हणून विषय माझ्या लग्नाकडे वळवतात. पोटापाण्यासाठी मी घरी बसून दुसऱ्यांची सॉफ्टवेअर तपासते. दिवसभर स्क्रीनपुढे चुका शोधायच्या आणि संध्याकाळी त्याच स्क्रीनवर माउसने ठोके मांडायचे, याचा मला त्या वर्षी अगदी वीट आला होता. हाताला काहीतरी लागावं, पिळता यावं, दाबता यावं, असं वाटत होतं. घरात माझ्यापेक्षा मोठी गोष्ट बिघडलेली होती, हे मात्र आधी सांगायला हवं.

आई गाणं शिकवायची. तिचं माहेर माधवगंजातलं, आजोबा देवळात कीर्तन करणारे, तेव्हा सूर तिला पोळीबरोबरच मिळाला. थाटीपुरच्या आमच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी मुली चटईवर बसायच्या. आई कोणावर ओरडत नसे. कुणाचा सूर हलला की तिच्या उजव्या हाताची तर्जनी नुसती वर जायची. तेवढ्याने मुलगी गप्प व्हायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. बेसूर तोंड उघडण्यापेक्षा मिटलेलं बरं, हा तिचा एकच नियम. तो माझ्या अंगात इतका भिनलाय की दुसऱ्यांच्या गणपतीत आरती चालू असताना माझंही बोट वर जातं. मग मी डोकं खाजवल्यासारखं करते.

त्या दिवाळीनंतर आईच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आम्ही देवापुढे पेढे ठेवले. पण आवाजाची नस दुखावली होती. आठवडाभराने आईने पहिलं वाक्य बोलायचा प्रयत्न केला आणि जे बाहेर आलं ते ऐकून तिने स्वतःच दचकून माझ्याकडे पाहिलं, कोणी दुसरंच बोलल्यासारखं. त्यानंतर तिने तोंड मिटलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "इनसे बुलवाइए. कुछ भी बुलवाइए. ये सर्दियाँ चुप निकाल दीं, तो फिर आवाज़ लौटना मुश्किल है." मी घरी येऊन आईला सगळं शब्दाशब्दाने सांगितलं. तिने मान डोलावली, तानपुऱ्यावर गवसणी चढवली, दोरी बांधली, आणि मुलींना येऊ नका असा निरोप माझ्याकरवी पाठवला. पाणी हवं असलं की पेला दाखवायची, टीव्ही बंद करायचा असला की हात. आवाज गेल्याचं दुःख होतंच. पण मला त्याहून भीती वाटायची ती तिच्या हट्टाची. थंडी अशीच संपणार आणि आई कायमची मुकी होणार, हे माझ्या डोक्यात सारखं असायचं.

मदतीला पुण्याहून वहिनी आली. दादाला सुटी नव्हती. वहिनी कामाला वाघ आहे, मायाळू आहे, फक्त आमची मराठी तिला सोसत नाही. आमच्या घरात अर्धी हिंदी मिसळलेली आहे हे मी नाकारत नाही. लग्न होऊन ती पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट. आई म्हणाली, "साखरेचा डबा खाली आहे." वहिनी ओट्याखाली वाकून वाकून बघत राहिली. वास्तविक डबा तिच्या डोळ्यासमोर, फळीवर होता. रिकामा. आमच्यात खाली म्हणजे रिकामं आणि पुण्यात खाली म्हणजे खाली, हा भेद त्या दिवसापासून घरात चेष्टेचा झाला. वहिनी अजून म्हणते, "मनू, तुमच्याकडे मराठी बोलताना सोबत कोश ठेवावा लागतो."

त्याच सुमारास पंकजचा फोन आला. पंकज माझा गाण्यातला मित्र, शिंदे की छावनीत एका दुकानावरच्या खोलीत त्याचा यंत्रांचा संसार. त्याला बंगळुरूला नोकरी लागली होती आणि सगळं सामान नेणं जमणार नव्हतं. म्हणाला, "दीदी, ड्रम मशीन और सिंथ, दोनों ले जाओ. महीना-दो महीना बजाओ. जो दिल में उतरे वो आपका, दूसरा मुझे लौटा देना." एवढा दिलदारपणा कुणी केला की माणसाची झोप उडते. फुकट मिळालेल्या दोनांतून एक निवडण्याइतकं अवघड काही नाही.

सिंथ म्हणजे सिंथेसायझर. दिसायला पेटीसारखा, भाता नसलेला. पट्ट्या दाबाल तितका वेळ सूर धरून ठेवणारा. खुंटे फिरवले की तोच सूर बासरीइतका मऊ होतो नाहीतर करवतीसारखा कापत जातो. आई लहानपणी सांगायची, सूर ही आई आणि लय हा बाप. आता दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडून मी बसले होते आणि आईबापांत एकाला परत पाठवायचं होतं. नेटवर वाचायला जावं तर जगभरचे लोक याच प्रश्नावर एकमेकांची डोकी फोडतायत. एक म्हणतो आधी ठोका, त्याच्याशिवाय गाणं उभंच राहत नाही. दुसरा म्हणतो ठोका कुठेही मिळतो, सूर स्वतःचा पाहिजे. तिसरा म्हणतो दोन्ही घ्या. हा तिसरा प्रत्येक ठिकाणी असतोच.

खरं सांगते, मला सिंथच हवा होता. माझं मन सुरातलं आहे. आणि मनात एक वेडी आशाही होती की घरात पुन्हा सूर लागला की आईचा गळा आपोआप उघडेल. म्हणून पहिला पंधरवडाभर मी सिंथच वाजवला. बैठकीत, मुद्दाम, ती निवडायला-टिपायला बसायची तेव्हा. एका सकाळी मी यमनाचा गंधार लावून धरला. आईचं बोट वर गेलं. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा तोच लावला. बोट पुन्हा वर. मग तिने तळहात पालथा करून जरासा खाली दाबला. चढा आहे, उतरव. यंत्राचा गंधार चढाच असतो, ते सगळ्या पट्ट्यांना सारखं माप देतं. मी खुंटा केसभर फिरवला, आणि तो बसला. खोलीत तो तसाच उभा राहिला, न थकता, न हलता. मी पट्टी सोडेपर्यंत तो थांबणार नव्हता. आई ऐकत होती. तिचे डोळे भरून आले आणि ती उठून आत गेली, नळ मोठा सोडून भांडी घासत बसली. भांडी वहिनीने केव्हाच घासून ठेवलेली होती.

वहिनी मला म्हणाली, "अगं, ज्याचा पाय मोडलाय त्याच्यासमोर तू पळून दाखवतेयस." मला तिचा राग आला, कारण तिचं खरं होतं.

मग संक्रांत आली. आमच्याकडे तिळाच्या वड्या होतात, पण ग्वाल्हेरात राहून गजक, ती तीळ-गुळाची खुसखुशीत पापडी, नाही असं होत नाही, तेव्हा ताटात दोन्ही. हळदीकुंकवाला बायका आल्या. आई नव्या साडीत दारात उभी, प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवत होती. दरवर्षी "गोड बोला" ती असं म्हणायची की ते दोन शब्दही गाण्यात बसावेत. त्या दिवशी ती फक्त हसली. बायका पण समजून हसल्या, आणि मग एक मावशी, मनाने वाईट नाहीत, पण जीभ सैल, म्हणाल्या, "राहू दे गं, त्यांना कुठलं गोड बोलायला येतंय आता." आईने त्यांच्याही हातावर गजक ठेवली. संध्याकाळी मी ताट उचललं तेव्हा तिने स्वतः एकही तुकडा खाल्लेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सिंथला कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलं. वाजवायचंच तर काहीतरी बिनसुराचं वाजवू, कोणाला लागणार नाही असं, म्हणून डब्बा काढला. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. आमच्या गच्चीवर ऊन आलं की सगळी वस्ती वर येते. कोणी लोकर घेऊन, कोणी केस वाळवायला. मी लांब वायर ओढून डब्बा आणि छोटा स्पीकर वर नेला आणि खुर्चीवर मांडला. आई सतरंजीवर मटार सोलत होती. मी नेहमीचा साधा ठोका लावला. सोळा बटणांत चार ठिकाणी ढोल: पहिलं, पाचवं, नववं, तेरावं. जगातलं निम्मं नाचायचं संगीत एवढ्यावर उभं आहे. धप्, धप्, धप्, धप्. आणि मी खुंटे पिळत ढोलाचा आवाज मऊ करत बसले.

थोड्या वेळाने लक्षात आलं की आईच्या मटारांना लय आली आहे. शेंग फुटायची ती ढोलावर. मग शेंगा राहिल्या बाजूला आणि तिचा उजवा हात डाव्यावर पडायला लागला. टाळी. टाळी. तिसऱ्या ढोलाला टाळी नाही. हात नुसता बाजूला जाऊन तळवा आभाळाकडे. मग पुन्हा टाळी. सोळा दिवे बघून तिचा हात आपोआप तीनतालात गेला होता. तीनतालाच्या सोळा मात्रा, तीन टाळ्या आणि नवव्या मात्रेला खाली, जिथे टाळी वाजवायची नसते. ज्या मुलीने आमच्या घरात आठ दिवस काढलेत तिलाही हे पाठ असतं. आणि मी, त्या घरात जन्मलेली, नवव्यावर बिनदिक्कत ढोल ठोकून बसले होते. दर फेरीला आईचा तळवा उलटायचा आणि नेमका तिथेच धप्. तिच्या कपाळाला आठी पडायला लागली. ती उठून माझ्याजवळ आली, डब्ब्याकडे बोट दाखवलं, मी "काय गं?" म्हटलं, आणि मला कळत नाही हे बघून वैतागून तिने तोंड उघडलं.

"खाली ठेव."

आवाज नव्हताच तो, वारा होता नुसता. पण वहिनी चहाचा ट्रे घेऊन तेवढ्यात वर आली होती आणि तिने ऐकलं. तिने ट्रे कठड्यावर टेकवला, लगबगीने आली, आणि "हो आई, हो, ठेवते" म्हणत डब्बा खुर्चीवरून उचलून अलगद सतरंजीवर ठेवला. मटारांच्या शेजारी. डब्बा वाजतच होता. धप्, धप्, धप्, धप्, आता जमिनीवरून.

आई बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. आवाज नसलेलं हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती हसता हसता खाली बसली, डोळे पुसले, आणि गंजलेल्या कडीसारख्या आवाजात म्हणाली, "अगं, जमिनीवर नाही. नववी. नववी खाली ठेव."

मी नववं बटण पुन्हा दाबून सोडवलं. दिवा विझला. धप्, धप्, आणि मग काहीच नाही, आणि मग धप्. आईचा तळवा आभाळाकडे गेला आणि या वेळी त्याच्या आड काही आलं नाही.

वहिनी म्हणाली, "मग रिकामी ठेव म्हणावं ना, आई. मला काय कळणार."

"तालात रिकामी म्हणत नाहीत," आई म्हणाली. मध्ये श्वास घ्यायला थांबली. "खालीच म्हणतात. पुण्यातसुद्धा."

आई बोलली आहे हे तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं. आईच्याही. तिने हात गळ्याकडे नेला. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा मिटणार. वहिनीने चहाचा पेला तिच्या हातात दिला आणि अगदी सहज विचारलं, "आई, मटार उसळीला ठेवू की पोह्यांत घालू?" आईने पेल्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "पोह्यांत," म्हणाली. मी वहिनीचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

मी त्यावर खूप विचार केलाय. सुराचा धाक आईला होता, लयीचा नव्हता. गळा चिरका झाला तरी टाळी चिरकी होत नाही. चूक दिसली तेव्हा तिच्यातली मास्तरीण आधी उठली, आणि आवाज कसा येईल याचा विचार करायला तिला सवडच मिळाली नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माझ्या हातून एक चूक झाली आणि तिने काम केलं. लोक म्हणतात कष्टाचं चीज होतं. माझ्या तर चुकीचं झालं.

महिना संपला, पंकज आला. "तो दीदी, क्या रखा?" मी कपाटावरून सिंथ काढला तेव्हा हात जरा रेंगाळला. कापड सोडून एकदा पट्टी दाबली, तो गंधार अजून उतरवलेलाच होता, आईच्या मापाचा. त्याला तसंच जाऊ दिलं. आजही एखादी धून अर्ध्यात अडते तेव्हा त्याची आठवण येते, नाही असं नाही. पंकजने जाताना आईला नमस्कार केला. तिने त्याच्या हातावर उरलेली गजक ठेवली आणि म्हणाली, "मीठा बोलो." संक्रांत होऊन गेलेली, पण कोणी हिशोब केला नाही.

आई तेव्हापासून बोलते. आवाज पूर्वीचा नाही. फोनवर लोक तिला पुरुषच समजतात आणि ती "हाँ, बोल रहा हूँ" म्हणून त्यांची फिरकी घेते. मुली पुन्हा यायला लागल्या. गाऊन दाखवता येत नाही, म्हणून आधी लय शिकवते. डब्बा लावून त्यांना टाळ्या द्यायला लावते. सूर पेटीवर दाखवते. खालीला काही मुली थांबतात, दम खातात. त्यांना ती म्हणते, "खाली म्हणजे सुटी नव्हे. हात चालू ठेवायचा. टाळी नाही म्हणून मात्रा गेली का कुठे?" मी आतल्या खोलीत कामाचा कॉल म्यूट करून हे ऐकते.

फक्त ती गायली नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. बोलणं वेगळं, गाणं वेगळं; गाण्याला तो जुना नियम अजून लागू होता. मी कधी विषय काढला नाही. तानपुरा गवसणीतच राहिला, मुलींसाठी छोटा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला.

आज सकाळी कोहरा होता ते सांगितलंच. चहा उकळत होता, डब्बा धिम्या लयीत चालला होता, नववी अर्थातच खाली. आई शाल पांघरून खिडकीशी बसली होती आणि किल्ला जिथे असायला हवा तिथे बघत होती. तिने हात लांब करून छोट्या तंबोऱ्याचं बटण दाबलं. मुली यायला अजून अवकाश होता. एक फेरी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या फेरीला तळवा वर उलटला, आणि त्या मोकळ्या जागेत आईने सूर लावला. गंधार. खरखरीत, अर्धा हवेचा, आणि उतरलेला. चांगलाच उतरलेला.

माझं बोट आपोआप वर गेलं. आई पाठमोरी होती, तिने पाहिलं नाही. मी ते खाली ठेवलं, पुण्याच्या मराठीतलं खाली, आणि चहा उतू जाऊ देत, पुढच्या फेरीतली, तालातली खाली यायची वाट बघत उभी राहिले.